पुन्हा सिमेंटच!

मुंबईतल्या एखाद्या किल्ल्यावर ‘सुशोभीकरणा’ची पाटी लागली की पोटात गोळा येतो, कारण पाठोपाठ सिमेंटची पोती येणार हे ठरलेलेच असते. चुन्यात बांधलेली भिंत ओल बाहेर टाकते; सांध्यांत सिमेंट भरले की ती ओल दगडातूनच वाट काढते, क्षार साचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात, हे किती वेळा सांगायचे? नव्या वापराला माझा मुळीच विरोध नाही. सेंट जॉर्ज किल्ल्याच्या उरलेल्या भागात सरकारी कार्यालय चालले, १६४० च्या वांद्रे किल्ल्याशेजारी खुला रंगमंचही शोभला. पण रंगीत दिवे ठोकण्यासाठी तटाच्या दगडाला ड्रिलने भोके पाडायची, वर ऑइलपेंट फासायचा आणि या साऱ्याला संवर्धन म्हणायचे, म्हणजे कमालच झाली! पावसाळा सरला की पापुद्रे गळतात आणि पुन्हा त्याच कामाची निविदा निघते.