अ‍ॅम्प्लिफायरवर ओलं फडकं ठेवू नका, प्लीज

रविवारी सकाळी सहकारनगरला काकांकडे गेलो तर टीव्ही युनिटच्या खालच्या खणात तीन मशिनं एकावर एक रचलेली, आणि सगळ्यात वरच्या एव्ही रिसीव्हरवर (टीव्ही-गाण्यांचा आवाज मोठा करून स्पीकरला देणारं मशिन, अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या आतच असतो) पिळून घडी घातलेलं ओलं फडकं. मला वाटलं काकू पुसत असतील. नाही, रिसीव्हर चालू होता, लताबाईंचं गाणं लागलेलं, आणि काका म्हणाले, "अरे, थंड राहतो त्याने, हे बघ", आणि फोन पुढे केला.

तो फॉरवर्ड तुमच्याकडेही आला असेल, मला आत्तापर्यंत तिघांनी पाठवलाय. अ‍ॅम्प्लिफायर थंड ठेवायचे पाच घरगुती उपाय. थोडक्यात असं: वर ओलं फडकं ठेवा, माठासारखं काम करतं, मशिनं एकमेकांना चिकटवून रचा म्हणजे धातू धातूला उष्णता देऊन टाकतो, रॅकचं दार बंद ठेवा कारण धूळ म्हणजेच गरमी, आवाज कमी ठेवला की मशिन तापत नाही, आणि क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा प्रकार) अ‍ॅम्पला हवा लागतच नाही. काका बहात्तर वर्षांचे आहेत, आयुष्यभर वस्तू जपून वापरलेला माणूस, आणि त्यांनी हे जपण्यासाठीच केलं, म्हणून माझा जास्त संताप झाला.

आधी फडक्याचं बोलू, कारण बाकीच्या चुकांनी मशिन खराब होईल, ह्याने माणसाला शॉक बसू शकतो. वरच्या पत्र्याला ज्या फटी असतात त्या शोभेच्या नाहीत, आतला हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा पात्यांचा धातूचा ठोकळा) तापला की गरम हवा तिथूनच वर निघते आणि खालून गार हवा ओढली जाते. फडक्याने तुम्ही नेमकं तेच धुराडं बंद केलंत. वरचा पत्रा गार लागतो हे खरं, पण तापणारे ट्रान्झिस्टर त्या पत्र्याला जोडलेलेच नसतात, ते आत हीटसिंकवर असतात, म्हणजे हाताला गार आणि आतमधे भट्टी. आणि त्या फटींच्या खाली २३० व्होल्टचा सप्लाय आणि वीज साठवून ठेवणारे मोठे कपॅसिटर. दोन थेंब पडले आणि खाली साचलेली धूळ ओली झाली की त्या ओल्या धुळीतून करंट जायला वाट मिळते.

माठाचं तत्त्व खोटं नाही, ते मान्य करतो. एक लिटर पाणी वाळताना साधारण २४ लाख ज्यूल उष्णता घेऊन जातं, म्हणजे १०० वॉट उष्णता साडेसहा तासांच्या वर ओढता येईल, कागदावर झकास हिशोब आहे. पण माठ आपण वाऱ्यावर ठेवतो ना? कपाटात ठेवून दार लावत नाही. बंद खणात ती वाफ जाणार कुठे, थोड्या वेळात आतली हवा दमट होते आणि वाळणं थांबतं, मग उरतं फक्त फटींवरचं ओलं पांघरूण आणि फुगलेलं प्लायवूड. जुलैत पुण्यात गॅलरीतले कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत, तिथे खणातलं फडकं काय वाळणार.

आता रचण्याबद्दल. धातू धातूला उष्णता देतो म्हणे. अहो, मशिन उचलून खाली बघा, रबराचे किंवा प्लॅस्टिकचे पाय असतात, धातूला धातू लागतच नाही. मधे एक-दीड सेंटिमीटर हवा असते, ती कोंडलेली, आणि खालच्याची गरम हवा थेट वरच्याच्या पोटात जाते. पाय काढून पत्र्यावर पत्रा ठेवला तर दोघांच्याही फटी बंद. काकांनी रिसीव्हरचं मॅन्युअल पिशवीसकट जपून ठेवलंय, मी ते काढून त्यांच्यासमोर वाचलं. रिसीव्हर यामाहाचा आहे, त्यांच्या बऱ्याच जुन्या मॉडेलच्या मॅन्युअलमधे हेच असतं: वर किमान ३० सेंटिमीटर, डावी-उजवीकडे २० आणि मागे २० सेंटिमीटर जागा सोडा, वर दुसरी उपकरणं ठेवू नका, कापडाने झाकू नका, पाण्याचं भांडं ठेवू नका. फॉरवर्डमधल्या दोन उपायांना कंपनीने मशिन विकतानाच नाही म्हणून ठेवलंय! ३० सेंटिमीटर आपल्या फर्निचरमधे मिळत नाही हे मला कळतं, सुतार खणाची उंचीच तेवढी ठेवत नाही, पण म्हणून शून्य चालेल असं होत नाही.

आवाज कमी म्हणजे उष्णता नाही, हे अर्धंच. क्लास एबी (घरच्या बहुतेक रिसीव्हरमधला) अ‍ॅम्प सर्वात जास्त तापतो तो पूर्ण आवाजाला नव्हे तर साधारण ४० टक्के पॉवरच्या आसपास, आणि क्लास ए, ज्यात करंट सतत वाहत असतो, तो तर गाणं बंद असतानाच सगळ्यात गरम असतो. क्लास डी खरंच कमी तापतो, ८५-९० टक्के वीज स्पीकरला जाते, पण उरलेली जाते कुठे? खणातच. दाराचं म्हणाल तर धूळ वाईटच, त्यासाठी प्लग काढून महिन्यातून एकदा मऊ ब्रशने फटी साफ करा, दार लावून मशिन भाजू नका. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं गणित असं धरतात की तापमान १० अंशांनी कमी झालं की आयुष्य साधारण दुप्पट. मे महिन्यात खोलीच ३८ वर असते, पुढचा प्रत्येक अंश आपल्या हातात आहे.

काकांकडे आम्ही काय केलं ते सांगतो. पॉवर अ‍ॅम्प सगळ्यात वरच्या उघड्या खणात, कारण जो जास्त तापतो त्याच्या डोक्यावर कोणी नको (उंच, हलक्या रॅकमधे हे करू नका, वजनाने तोल जाईल), रिसीव्हर एकटा मधे, सेट टॉप बॉक्स खाली. सुताराकडून मागच्या प्लायला वर एक मोठं भोक आणि खाली तेवढंच पाडून घेतलं. वरच्या भोकाला तपकीर गल्लीतून (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) आणलेला १२० मिलिमीटरचा कॉम्प्युटरचा पंखा, हवा बाहेर फेकणारा, आत नाही. ३०० वॉट उष्णता असेल आणि आतली हवा खोलीपेक्षा १० अंशांच्या वर जाऊ द्यायची नसेल तर सेकंदाला साधारण २५ लिटर हवा हलवावी लागते, म्हणजे पन्नासेक सीएफएम (मिनिटाला घनफूट), पंख्यावर छापलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो म्हणून जरा मोठाच घ्या. १२ व्होल्टचा पंखा ९ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर चालवला की आवाजही येत नाही, पण हवाही कमी हलते हे धरून चाला.

आणि ज्यांनी फॉरवर्ड वाचून आधीच ओलं फडकं ठेवलंय त्यांनी ते तसंच ओढू नका. आधी भिंतीवरचं बटण बंद करा, प्लग काढा, मगच फडक्याला हात लावा. पाणी आत गेल्याची शंका जरी आली तरी परत चालू करून बघू नका आणि झाकण स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमधे चार्ज राहतो. सरळ रिपेअरवाल्याकडे न्या आणि पाणी गेलंय हे त्याला आधी सांगा.