रिंगच्या मधला आकडा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊसाहेब,

अरोमॅटिसिटीवरच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन रिंगभर पसरल्यामुळे बेंझीनसारख्या रेणूंना मिळणाऱ्या खास स्थैर्यावरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, 'रिंगच्या मधोमध, जिथे अणूच नाही, तिथला आकडा काढून काय सिद्ध होतं? खान्देशात घरी बसून कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांनी याला रसायनशास्त्र म्हणू नये.' शिवाय बेसिस सेट (इलेक्ट्रॉनांचं वर्णन करायला गणितात निवडलेली फलनं), बोराझिन (बोरॉन-नायट्रोजनची बेंझीनसारखी रिंग) आणि ॲल्युमिनियमचा क्लस्टर (चार अणूंचा चौकोनी पुंजका) असे आणखी तीन मुद्दे.

'खेळणाऱ्यांनी' हे मला लागलं. मतभेद खुशाल मांडा, पण स्वतः टोपणनावाआड राहून दुसऱ्याच्या कामाला खेळ म्हणायचं, ही कुठली रीत? बेसिस सेटचं नाव लेखात द्यायला हवं होतं, हे तुमचं म्हणणं रास्त. ते आता टाकलंय.

आता 'जिथे अणूच नाही'. अहो, अणू नाही म्हणूनच तिथे मोजतात! पॉल श्लेयर यांनी 1996 साली एनआयसीएस, म्हणजे रिंगच्या मधल्या बिंदूवरचं चुंबकीय शील्डिंग सांगणारा आकडा, मांडलं ते याच विचारानं. कॉम्प्युटरच्या इनपुट फाइलमध्ये रिंगच्या केंद्रावर 'बीक्यू' लिहून घोस्ट ॲटम ठेवायचा. त्याला ना केंद्रक, ना इलेक्ट्रॉन. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावलं की बेंझीनच्या रिंगभर पसरलेल्या सहा पाय (π) इलेक्ट्रॉनांचा प्रवाह रिंगभर सुरू होतो आणि आतल्या बाजूला उलट दिशेचं क्षेत्र तयार करतो. त्या बिंदूवर जेवढं शील्डिंग (बाहेरच्या क्षेत्रापासून संरक्षण) मिळतं ते चिन्ह बदलून लिहायचं. अरोमॅटिक बेंझीनचा आकडा उणे येतो, त्याच्या उलट वागणाऱ्या सायक्लोब्युटाडाइनचा अधिक चिन्हाचा.

आणि सिद्ध काय होतं म्हणाल, तर 18-ॲन्युलीन, म्हणजे अठरा कार्बनांची रिंग, बघा. ही रिंग इतकी मोठी की तिचे सहा हायड्रोजन आतच मावतात. नमुना चांगला थंड करून एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात प्रत्येक हायड्रोजनचा सिग्नल कुठे येतो ते पीपीएममध्ये सांगणारी चाचणी; आकडा जितका कमी तितकं शील्डिंग जास्त) घेतला की बाहेरचे बारा हायड्रोजन 9 पीपीएमच्या पुढे दिसतात आणि आतले सहा थेट उणे 3 च्या आसपास. हे खरे अणू आहेत, खऱ्या नळीतले. तुम्ही ज्याला रिकामी जागा म्हणता, त्याच जागेत बसून ते रिंगमधल्या प्रवाहाची साक्ष देतात. माझा 'बीक्यू' तरी वेगळं काय सांगतो?

ॲल्युमिनियमच्या चौकोनात एकच आकडा सिग्मा (अणूंना सरळ रेषेत जोडणाऱ्या) आणि पाय इलेक्ट्रॉनांचे वाटे वेगळे दाखवत नाही, असं तुम्ही म्हणता. तो वाद जाणकारांचा आहे, इथे मिटायचा नाही. पण 2001 साली बोल्डिरेव्ह आणि वँग यांच्या गटानं तो चौकोन मांडला तेव्हा लेसरनं तयार केलेल्या क्लस्टरचा फोटोइलेक्ट्रॉन स्पेक्ट्रम (प्रकाशानं उडवलेल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचं मोजमाप) आणि कॉम्प्युटरचं गणित शेजारी ठेवूनच मांडला होता, एवढं ध्यानात असू द्या. बोराझिन माझ्या लेखाचा विषयच नव्हता.

राहिलं 'खान्देशात घरी बसून'. भाऊसाहेब, मी तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सीच्या पोरांना शिकवण्यात उमर घातली. भुसावळच्या उन्हाळ्यात लोडशेडिंगच्या वेळा बघून रन लावायचो. रेणूची रचना शोधणारं ऑप्टिमायझेशन अर्ध्यात असताना लाइट जायची, की रात्री उठून चेकपॉइंट फाइलवरून पुन्हा सुरू. कापूस वेचून वर्गात येणारी पोरं तो आउटपुट ओळीनं वाचायची आणि मला अडवायची, 'सर, हा आकडा उणे का आला?' तुमच्यापेक्षा नीट विचारायची, हे स्पष्टच सांगतो.

आतल्या हायड्रोजनच्या त्या उणे 3 चं तुमच्याकडे दुसरं स्पष्टीकरण असेल तर सविस्तर लिहा, मी ते लेखाखालीच लावीन. खान्देशावर आणि घरी बसण्यावर पुन्हा काही लिहिलंत, तर मात्र ती प्रतिक्रिया काढून टाकीन.