कापणार काय?

पन्नाशी उलटलेल्या माणसानं कसली हौस करावी, याबद्दल आमच्या सोलापुरात साधारण एकमत आहे. कुणी अक्कलकोट रोडला प्लॉट घेऊन ठेवतं. कुणी बुलेट घेतं आणि पुढं वर्षभर कंबरेच्या डॉक्टरकडं फेऱ्या मारतं. कुणी भजनी मंडळात पखवाज शिकायला लागतं. यातलं काहीही केलं तरी लोक मान डोलावतात. मी मात्र बँकेतनं घरी आलो आणि म्हणालो, “एक रेडियल आर्म सॉ बघायला जायचं म्हणतोय. वापरलेली आहे, कारखान्यातली.” बायकोनं गॅस बारीक केला. आमच्याकडं गॅस बारीक झाला की समजायचं, विषय आज संपत नाही.

“कापणार काय?” तिनं विचारलं.

लाकडाची हौस मला जुनीच. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी आजवर पाट केलेत, एक देव्हारा केलाय आणि चपलांचं कपाट केलंय. सगळं हातकरवतीवर. चपलांचं कपाट बघितल्यावर ते वेगळं सांगावंही लागत नाही. तेव्हा “लाकूड कापणार” हे माझं उत्तर बरोबरच होतं. पण बायकोच्या प्रश्नाला बरोबर उत्तर दिलं म्हणजे प्रश्न सुटला असं होत नाही.

हे यंत्र ज्यांनी पाहिलं नाही, म्हणजे जवळजवळ सगळेच, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मागं एक जाड खांब. खांबावरनं पुढं आलेला आडवा हात. त्या हाताखाली रुळावर मागंपुढं सरकणारी मोटार आणि मोटारीच्याच शाफ्टला करवतीचं गोल पातं. एरवी आपण लाकूड पात्यात ढकलतो. इथं लाकूड आडपट्टीला टेकून निवांत पडलेलं असतं आणि करवत ओढून त्याच्यावरनं न्यायची. हात तिरका वळवता येतो, मोटार कलती करता येते. रेमंड डीवॉल्ट नावाच्या अमेरिकन माणसानं 1922 मध्ये हे काढलं, 1924 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लिओला गावी कंपनी टाकली आणि यंत्राचं नाव ठेवलं ‘वंडर वर्कर’. कंपनी पुढं या हातातनं त्या हातात गेली, 1960 मध्ये ब्लॅक अँड डेकरकडं आली. हे सगळं मी रात्री जागून वाचलं. घरात कुणी ऐकून घेईना म्हणून इथं लिहिलं.

ही करवत होती एमआयडीसीतल्या एका पॅलेटच्या कारखान्यात. टॉवेल-चादरीचा माल बाहेर पाठवायचा तर त्याच्याखाली लाकडी पॅलेट लागतात, ते इथं बनायचे. मालक आमच्या शाखेतले जुने खातेदार. मुलगा हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला इंटरव्ह्यूला गेला तो हिंजवडीचाच झाला. आता कारखाना आवरायला काढलेला. “तुमाला लाकडाचा नाद हाय न्हवं? बघून तर जावा सर,” म्हणाले. बघायला पैसे पडत नाहीत, असं आपल्याला वाटतं.

मे महिना, वर पत्रा. आत शिरल्याबरोबर चष्म्याची दांडी कानाला पोळायला लागली. यंत्र कोपऱ्यात उभं होतं आणि त्याच्या मोटारीवर हळदीकुंकवाचा कमीतकमी बोटभर नाही तरी नखभर थर होता. दर खंडेनवमीला पूजा, वरनं भुसा, त्यावर पुढच्या वर्षीचं कुंकू. हँडलला झेंडूच्या माळेचा नुसता दोरा उरला होता. मला पाटी वाचायची होती. रुमालानं कुंकू पुसावं तर मालक काय म्हणतील, असं वाटून मी आधी नमस्कार केला आणि मग पुसलं. खालनं पितळी अक्षरं निघाली: लँकेस्टर, पेनसिल्व्हेनिया. 5 एचपी. 3 फेज. 60 सायकल.

“साठ?” मी म्हणालो.

“साठच,” मालक म्हणाले. ते हजारांबद्दल बोलत होते.

मी त्यांना समजावलं की तिकडची वीज 60 हर्ट्झची आणि आपली 50. म्हणजे ही मोटार मिनिटाला 3450 फेऱ्यांच्या जागी साधारण 2875 फेऱ्या मारणार, सरळ सहावा हिस्सा कमी. माझा हेतू किंमत सहाव्या हिश्शानं उतरवायचा होता. मालक म्हणाले, “हळू फिरलं तर चांगलंच की सर. बोटाला बाजूला हुयाला टाइम मिळतंय.”

मग मी पुस्तकी तपासण्या सुरू केल्या. हाताचं टोक धरून डावी-उजवीकडं हलवायचं. खांबापाशी किंचित ढिलाई असली तरी टोकाला ती चांगली जाणवते. जाणवली. “इथं पॅलेट हुत होते सर, मंगळसूत्र न्हाई,” मालक म्हणाले. गाडा रुळावर ओढून बघितला. अर्ध्या वाटेत बेअरिंग अडलं, ग्रीस आणि भुसा मिळून त्याची काळी वडी झालेली. पातं काढून शाफ्ट हातानं फिरवला, तो मात्र आवाज न करता कितीतरी वेळ फिरत राहिला. तिथं माझं बिघडलं. इतकं जुनं यंत्र इतकं गुळगुळीत फिरताना बघितलं की माणूस किंमत विचारायची सोडून जागा कुठं करायची याचा विचार करायला लागतो.

एक गोष्ट मात्र खरी भीतीची आहे आणि ती चेष्टेत घालवण्यासारखी नाही. या करवतीचे दात लाकडावर वरनं खाली आणि मागच्या आडपट्टीकडं फिरतात. लाकूड त्यामुळं जागच्या जागी दाबलं जातं, हे चांगलं. पण त्याच जोरावर पातं लाकडावर चढून पुढं यायला बघतं, आणि पुढं कोण उभं असतं? आपण. लग्नात लांबनंच ओळखून हात पसरून धावत येणाऱ्या चुलत मावशीसारखी ती करवत येते. तिला ओढायचं नसतं, थोपवून धरायचं असतं. म्हणून हिला सरळ उभ्या किंवा किंचित मागं झुकलेल्या (उणे कलाच्या) दातांचं पातं लावतात, ते लाकडाला हावऱ्यासारखं धरत नाही. मालकांनी लावलेलं पातं चांगलंच पुढं झुकलेल्या दातांचं, टेबलावरच्या करवतीचं होतं. “चालतंय की,” ते म्हणाले. चालत होतं हे खरंच. पण त्यांच्या जुन्या कामगाराच्या उजव्या हाताची पकड काय असेल, ते मला त्या गुळगुळीत झालेल्या हँडलवरनं कळलं.

घरी बैठक बसली.

मुलगी म्हणाली, “बाबा, स्लायडिंग मायटर सॉ घ्या ना. उचलून ठेवता येतं, घरच्या प्लगवर चालतं, नवी मिळते.” तिचं म्हणणं इतकं बरोबर होतं की मी ते लगेच सोडून दिलं. मेहुणा फोनवरनं म्हणाला, “दाजी, भंगारात काढलं तरी पैसे सुटतील.” हा माणूस प्रत्येक वस्तूकडं ती मेल्यानंतर किती किलो भरेल या नजरेनं बघतो. तरी मी हिशोब केला. मालक वजन साडेतीनशे किलो सांगत होते. बिडाचा भाव किलोला तीस-पस्तीस धरला, मोटारीतलं तांबं वेगळं धरलं, तरी साठ हजाराच्या आसपाससुद्धा फिरकेना. शेजारचे काका म्हणाले, “आवाज किती करतंय?” आणि माझ्या उत्तराची वाट न बघता कंपाउंडची उंची नजरेनं मोजून गेले.

मोटार वायंडिंगवाल्याला मी बरोबर घेऊन गेलो. त्यानं इन्सुलेशन तपासायचा मेगर लावला, आकडा बघितला आणि म्हणाला, “वायंडिंग एक नंबर.” मी खूश. मग म्हणाला, “पण जळाली तर बाजारात मिळायची न्हाई. हिचा शाफ्टच पात्याचा शाफ्ट हाय. दुसरी मोटार बसतच न्हाई. रिवायंडिंगच.” मी गप्प. मग म्हणाला, “आनि घरी जोडताना पातं काढूनच चालू करा. तीनातल्या दोन वायरी इकडच्या तिकडं झाल्या की उलटं फिरतंय.” आणि शेवटी, जाता जाता, “घरी थ्री फेज हाय न्हवं?”

नव्हतं. आमच्याकडं सिंगल फेज. आता 5 एचपी म्हणजे 3.7 किलोवॅट. सिंगल फेजवरनं थ्री फेज मोटार चालवायला ड्राइव्ह मिळतात, पण सहज मिळणारे 3 एचपीपर्यंतचे. त्याच्या वरचे मागवायचे तर त्यांची किंमत ऐकून आपल्याला करवत स्वस्त वाटायला लागते. राहिला मार्ग नवीन मीटरचा. अर्ज, कोटेशन, वाढीव आकार. आणि अर्जात कारण काय लिहायचं? हौस असा रकाना नसतो.

तरीही हे सगळं पार पाडलं असतं, इतका मी पेटलो होतो. मला अडवलं ते पाण्यानं.

सोलापूरकरांना हे सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. उजनी काठोकाठ भरली तरी आमच्या नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. त्यामुळं सोलापुरात घर बांधताना माणूस आधी पाणी कुठं साठवायचं ते ठरवतो, मग स्वतः कुठं झोपायचं ते. माझ्या शेडमध्ये एका भिंतीला निळी बॅरलं ओळीनं उभी आहेत. त्यांच्याशेजारी बायकोची स्कूटी. उरलेल्या जागेत मी आणि माझा रंधा. मी मापं घेत असताना बायको दारात उभी राहून बघत होती. मग आत गेली, रांगोळीचा डबा घेऊन आली आणि म्हणाली, “सांगा, केवढं येतं ते.” मी खांबापासनं हाताच्या टोकापर्यंतचं माप सांगितलं. तिनं खाली बसून चौकोन काढला. मी म्हणालो, लांब फळी कापायची तर दोन्ही बाजूला जागा लागते. तिनं चौकोनाच्या दोन्ही बाजूंना रेघा ओढत नेल्या. एक रेघ स्कूटीच्या चाकाखालनं गेली. दुसरी बॅरलांशी येऊन थांबली. तिनं मान वर केली.

“पुढं ओढू?”

मी काही बोललो नाही. ती बॅरलामागं हात घालून भिंतीपर्यंत रेघ ओढून आली आणि हात झटकत म्हणाली, “ही तीन काढावी लागतील. पाणी आल्याच्या तिसऱ्या दिवशी आंघोळ कापायची का? मग कळेल तरी काय कापणार ते.”

तरी शेवटचा उपाय म्हणून मी आमच्या मिस्त्रीला घेऊन गेलो. मिस्त्री पूर्व भागातला, घरी तेलुगू, गिऱ्हाईकाशी मराठी, लाकडाच्या वखारीत हिंदी आणि भांडण असलं तर कानडीसकट चारी भाषा. त्याचं दुकान एका बंद पडलेल्या मागाच्या कारखान्यात आहे. यंत्रमाग भंगारात गेले; जमिनीत पुरलेले बोल्ट आणि थ्री फेजचं मीटर मागं राहिलं. येताना रस्ताभर तो मला समजावत होता. “कशाला पायजे ओ सर हे? तुमाला महिन्याला दोन फळ्या कापायच्या. माझ्याकडं द्या की. असलं जुनं धूड घेऊन काय करनार?” मला ते पटायलाही लागलं होतं.

मिस्त्रीनं यंत्राला प्रदक्षिणा घातली. पाटी वाचली नाही, हर्ट्झ विचारले नाहीत. डावा हात मागं कंबरेवर ठेवला (त्या हाताच्या करंगळीला वरचं पेर नाही, ते कुठल्या करवतीनं नेलं हे तो कधी सांगत नाही), उजव्या हातानं हँडल धरलं, मालकाला बटण दाबायला सांगितलं आणि फळीचा एक तुकडा कापला. सावकाश, कोपर ताठ ठेवून. कापलेलं टोक अंगठ्यानं चाचपलं. गुण्यानं काटकोन बघितला. मग दुसरा तुकडा कापला. मग मालकांशी कानडीत बोलायला लागला.

माझं कानडी भाजीबाजारापुरतं, म्हणजे आकडे मात्र पक्के कळतात. मालक म्हणाले, “अरवत्तु.” साठ. मिस्त्री हसला आणि पात्याकडं, ढिल्या हाताकडं, अडलेल्या बेअरिंगकडं असं एकेक बोट दाखवत गेला. मी कागदावर उतरवलेले सगळे दोष त्यानं बोटावर दाखवले, आणि मी अमेरिकेपासनं सुरुवात केली होती हे लक्षात येऊन मला मधेच घाम आला. “इप्पत्तु,” मिस्त्री म्हणाला. वीस. मालकांनी देवाचं नाव घेतलं. चहा आला. “मूवत्तु,” मालक म्हणाले. तीस. मिस्त्री गाडीची किल्ली हातात घेऊन दारापर्यंत गेला. मीही त्याच्या मागं निघालो, आमची गाडी एकच होती. तिथनं परत आलो तेव्हा भाव इप्पत्तैदु ठरला होता. पंचवीस.

“वा मिस्त्री!” मी म्हणालो. “माझ्यासाठी एवढं केलंत!”

मिस्त्रीनं माझ्याकडं असं बघितलं की मी पाठीमागं कोण उभं आहे ते बघितलं. “तुमच्या घरी थ्री फेज कुठंय ओ सर?” तो म्हणाला आणि खिशातनं इसाराचे दोन हजार काढले.

यंत्र आता मागाच्या त्या कारखान्यात उभं आहे. जुन्या बोल्टांपैकी दोन तर जसेच्या तसे उपयोगी पडले. पातं बदललंय, बेअरिंग नवीन टाकलंय, कुंकू ठेवलंय. रांगोळीची रेघ स्कूटीनं पुसत आली, आणि बायकोनं मोजून ठेवलेली जागा वाया जाऊ नये म्हणून आणखी एक बॅरल आणलं. मी रविवारी फळी घेऊन गेलो. माझ्या आधी चारजण रांगेत होते, सगळे पेशानं सुतार. ते माझ्या फळीकडं बघून एकमेकांकडं बघत होते.

“कटाला धा रुपये, सर,” मिस्त्री म्हणाला. “तुमच्यासाठी म्हनून.”

“बाकीच्यांना किती?”

“बाकीच्यांना पाच. ते लाकूड सरळ आनतेत.”