‘बायपासनंतर पाच वर्षांत डिमेन्शिया’: या दाव्यात तथ्य किती?

गोव्यात डिचोलीपासून काणकोणपर्यंत सध्या व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतो आहे. बायपासच्या वेळी हृदय बंद ठेवल्याने मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो, पाच वर्षांत जवळपास निम्म्या रुग्णांना डिमेन्शिया (स्मरणशक्ती आणि विचारशक्ती ढासळत जाण्याचा आजार) होतो, हे अमेरिकेत सिद्ध झाले आहे, आणि शस्त्रक्रिया करायचीच असेल तर हार्ट-लंग मशीनशिवाय, म्हणजे हृदय न थांबवता करा, असे त्यात म्हटले आहे. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात शस्त्रक्रियेची तारीख मिळालेली माणसे हे वाचून मागे फिरू लागली, तर त्यांच्या जिवावर बेतू शकते, म्हणून हे सविस्तर लिहितो.

पहिला मुद्दा रक्तपुरवठ्याचा. हृदय थांबवलेले असताना हार्ट-लंग मशीन रक्तात प्राणवायू मिसळून ते महाधमनीत सोडत राहते, त्यामुळे मेंदूला रक्त मिळतच असते. खरा धोका निराळा आहे. महाधमनीच्या भिंतीवर साचलेले चुन्याचे वा चरबीचे कण सुटून मेंदूत गेले, तर पक्षाघात होऊ शकतो. हा धोका मोजक्याच रुग्णांच्या वाट्याला येतो, पण तो खरा आहे आणि शल्यचिकित्सकाने तो आधी सांगितलाच पाहिजे.

‘निम्म्या रुग्णां’चा आकडा बहुधा ड्यूक विद्यापीठाच्या 2001 मधील अभ्यासातून आला असावा. त्यात 261 रुग्णांपैकी 53 टक्क्यांची बौद्धिक क्षमता घरी सोडताना घटलेली दिसली, सहा महिन्यांनी हे प्रमाण 24 टक्क्यांवर आले आणि पाच वर्षांनी पुन्हा 42 टक्के झाले. मात्र बौद्धिक क्षमतेच्या तपासलेल्या चार क्षेत्रांपैकी एकातही गुण ठरावीक प्रमाणात घसरले, तरी तिथे ‘घट’ धरली होती. हे डिमेन्शियाचे निदान नव्हे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, शस्त्रक्रिया न झालेल्या हृदयरुग्णांचा तुलनेसाठी गटच त्यात नव्हता. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी तो घेतला, तेव्हा सहा वर्षांनंतरची घसरण दोन्ही गटांत सारखीच आढळली. रक्तदाब, मधुमेह आणि कठीण झालेल्या रक्तवाहिन्या हृदयाबरोबर मेंदूलाही पोखरतात. त्याचा सारा दोष सुरीच्या माथी मारणे अन्याय्य आहे.

मशीन टाळण्याच्या सल्ल्यालाही आधार मिळत नाही. नेदरलँड्समधील चाचणीत पाच वर्षांनी, आणि अमेरिकेतील 2,203 रुग्णांच्या चाचणीत एका वर्षाने, मशीनसह आणि मशीनशिवाय अशा दोन्ही पद्धतींमध्ये बौद्धिक क्षमतेच्या बाबतीत लक्षणीय फरक दिसला नाही.

ही भीती मुळात कुठून येते, ते मात्र समजण्यासारखे आहे. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या रात्री अतिदक्षता विभागात एखादे आजोबा सलाईनची नळी ओढू लागतात, नर्सला धाकटी बहीण समजून हाक मारतात, आपण शिरगावच्या जत्रेत आहोत असे सांगतात. घरच्यांचा धीर सुटतो. ही भ्रमावस्था, म्हणजे डिलिरियम. साठीपुढच्या 225 रुग्णांच्या एका अमेरिकी अभ्यासात ती 46 टक्क्यांना झाली होती. बहुतेकांची ती काही दिवसांत ओसरते, तरी तिला किरकोळ मानू नये: ती झालेल्यांपैकी 40 टक्के, तर न झालेल्यांपैकी 24 टक्के रुग्ण सहा महिन्यांनीही पूर्वीच्या बौद्धिक पातळीवर आलेले नव्हते.

म्हणून घरच्यांनी भरतीच्या दिवशीच डॉक्टरांना काही गोष्टी स्पष्ट सांगाव्यात: आधीपासून विसराळूपणा आहे का, झोपेच्या गोळ्या चालू आहेत का, आणि रोज फेणी घेण्याची सवय आहे का. शेवटची गोष्ट लाजेपोटी लपवली जाते, पण दारू अचानक तुटल्यानेही गंभीर भ्रम होतो आणि आधी कळल्यास त्यावर उपाय करता येतो. चष्मा आणि श्रवणयंत्र शुद्धीवर येताच हाती मिळेल, अशी व्यवस्था नर्सशी बोलून करून ठेवावी.