पार्व्होच्या पिल्लाला उपाशी ठेवू नका

रस्त्यावरून उचललेलं दोन-तीन महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू सतत उलट्या करतंय, घाण वासाचे रक्ताळ जुलाब होतायत, तर पार्व्हो (आतड्यावर हल्ला करणाऱ्या विषाणूचा आजार) धरूनच चला. त्याच दिवशी व्हेटकडे किट टेस्ट करा. निगेटिव्ह आली तरी लक्षणं तीच असतील तर उपचार सोडू नका.

सगळ्यात जास्त चीड येते ती "100 मिली सलाईन कातडीखाली दिलंय, आता उद्या आणा" याची. हिशेब करून बघा. 3 किलोच्या पिल्लाच्या अंगातलं 8 टक्के पाणी गेलं असेल तर 240 मिलीची तूट आधीच आहे. रोजची गरज किलोमागे साधारण 60 मिली, म्हणजे आणखी 180. उलटी-जुलाबातून जातं ते वेगळंच. त्यात पिल्लू गार पडलं की कातडीखालच्या रक्तवाहिन्या आक्रसतात, सलाईन शोषलंच जात नाही, नुसता फुगा लोंबत राहतो. अशा पिल्लाला शिरेतूनच आरएल (रिंगर लॅक्टेट सलाईन) लागतं. थोडं सावरल्यावर कातडीखाली द्यायचं तर आरएल किंवा एनएस (नॉर्मल सलाईन). डेक्स्ट्रोजची (साखरेच्या सलाईनची) बाटली तिथे लावू नका.

आता खाण्याचं. "उलट्या पूर्ण थांबेपर्यंत तोंडात काही नको" हे अजून सर्रास सांगतात आणि ते मला अजिबात पटत नाही. हा विषाणू आतड्याच्या अस्तरातल्या नव्याने वाढणाऱ्या पेशी मारतो. अस्तर पुन्हा भरायला आतड्यात अन्न यावं लागतं. नाहीतर तिथले जंतू रक्तात उतरतात, आणि नेमक्या तेव्हाच पांढऱ्या पेशी घसरलेल्या असतात. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नळीने लगेच खाणं सुरू केलेली पिल्लं उपाशी ठेवलेल्यांपेक्षा लवकर सावरली, त्यांचं वजनही वाढलं.

पण क्रम चुकवू नका. आधी ऊब: गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा, ताप मोजा, 99 फॅरनहाइटच्या खाली असेल तर भरवायचं नाही. मग डॉक्टरांकडून उलटी थांबवायचं इंजेक्शन, आणि त्यानंतर अर्ध्या-एक तासाने खाणं. उकडलेलं चिकन आणि गुरगुट्या भात मिक्सरमधून काढून गाळलेला. मीठ, कांदा, लसूण काही नाही. दूध तर नाहीच. सुरुवात किलोमागे 1-2 मिली, दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. सिरिंज गालाच्या कोपऱ्यातून, मान सरळ. मान वर केली की घास फुप्फुसात जातो आणि न्यूमोनिया होतो. पिल्लू गिळत नसेल तर जबरदस्ती करू नका, नळी घालायला सांगा. अचानक लुळं पडलं तर हिरड्यांना साखरेचं घट्ट पाणी चोळा आणि तसंच दवाखाना गाठा. जुलाब बंद करायची माणसांची गोळी देऊ नका.

फिनेलने पार्व्हो मरत नाही. आधी घाण धुवून काढा, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं राहू द्या. फिनेलमध्ये किंवा अ‍ॅसिडमध्ये ब्लीच मिसळू नका. बरं झालेलं पिल्लूही साधारण दोन आठवडे शीतून विषाणू सोडतं, तोवर लस न झालेल्या पिल्लांपासून वेगळं ठेवा.