मोदकांची सरासरी

सोसायटीच्या मीटिंगमध्ये माणसाने आपलं शिक्षण कधी सांगू नये. डॉक्टर असाल तर जिन्यात बीपी मोजावं लागतं, वकील असाल तर पार्किंगच्या भांडणात ओढतात. मी बीएस्सीला स्टॅटिस्टिक्स घेतलं होतं ही गोष्ट तीस वर्षं सुखरूप लपवली होती. यंदाच्या गणपतीत बायकोनेच ती फोडली.

निमित्त उकडीच्या मोदकांच्या स्पर्धेचं. तीन विंग, प्रत्येकीची पाच ताटं, तीन परीक्षक, दहापैकी गुण. ए विंगची सरासरी ७.५, आमच्या बीची ७.२, सीची ६.९. निकाल जाहीर व्हायच्या आतच ए विंगने फिरती ढाल पितांबरीने घासायला घेतली. सी विंग म्हणाली, एवढ्याशा दशांशावर कुठे ढाल देतात का? आवाज चढले. चेअरमन म्हणाले, "याला काही शास्त्रोक्त मार्ग नाही का?" आणि मागून आमच्या हिचा आवाज आला, "आमच्या ह्यांना येतं ना!"

"ॲनोव्हा करावं लागेल," मी पुटपुटलो.

"इनोव्हा?" खजिनदार दचकले. "वर्गणीत नाही बसणार."

मग समजावत बसलो. विंगा-विंगांतला फरक मोठा, की एकाच विंगेतल्या ताटा-ताटांतला, एवढंच यात बघायचं असतं. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की एफ नावाचा आकडा मिळतो. एफ एकाच्या आसपास घोटाळत असेल तर ढाल कपाटात ठेवावी, चांगला मोठा आला तर बाहेर काढावी. ही युक्ती रोनाल्ड फिशर या इंग्रजाची. रोथॅमस्टेडच्या शेतकी संशोधन केंद्रात असताना १९२३ साली त्याने ती बटाट्यांच्या जाती आणि खतं यांच्यावर चालवली. बटाट्यांवर ती फार छान चालते. बटाट्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप नसतो.

"त्यापेक्षा ए विरुद्ध बी, बी विरुद्ध सी अशा जोड्या लावा, कबड्डीसारख्या," सेक्रेटरी म्हणाले. मी म्हटलं, एका जोडीत शंभरात पाचदा फसगत चालवून घेतो आपण. तीन जोड्या लावल्या की कुठेतरी फसण्याची शक्यता बाराच्या घरात जाते. सेक्रेटरींनी 'हा माणूस विषय वाढवतो' अशा नजरेने चेअरमनकडे पाहिलं.

रात्री जेवणाच्या टेबलावर वही घेऊन बसलो. सगळी गोम ए विंगेतच होती. तिथल्या एका काकूंच्या ताटाला ९.५ होते. पारी इतकी पातळ की आतलं सारण बाहेरून पिवळसर दिसावं, आणि कळ्या मोजायला परीक्षकांनी चष्मे काढून पुसलेले. त्याच विंगेत तीन मुलं भाड्याने राहतात. त्यांनी तयार पिठी आणून, व्हिडिओ लावून मोदक केले होते. उकड कच्ची राहिली, मोदक पात्रातच फुटले आणि गुळाचा पाक हळदीच्या पानावरून ओघळत खालच्या पाण्यात गेला. ताटात आलेला ऐवज चमच्याने खावा लागला. ४.५ पडले, त्यातला बराचसा वाटा हळदीच्या पानाचा असावा.

सरासरीपासून ते ताट तीनने दूर, तीनाचा वर्ग नऊ. तीन विंगांमधल्या फरकाची, अशाच वर्गांची, सगळी बेरीज मिळून भरत होती ०.९. म्हणजे तीन विंगांना मिळून जमला त्याच्या दसपट फरक त्या पोरांनी एका ताटात करून दाखवला होता! एफ आला ०.२०, ढालीसाठी ३.८९ तरी लागला असता.

"म्हणजे माझे साडेसहावाले आणि त्या काकूंचे साडेनऊवाले सारखेच ना?" हिने विचारलं. हे विंगांबद्दल आहे, ताटांबद्दल नाही, असं मी सांगितलं. सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर कागद लावला: 'विंगांमध्ये फरक आहे असं म्हणण्याइतका पुरावा नाही. पी = ०.८२.' खाली स्वच्छ मराठीत लिहिलं की तिन्ही विंगा मुळात सारख्याच असत्या, तरी केवळ योगायोगाने इतका किंवा याहून जास्त फरक दिसण्याची शक्यता ०.८२ आहे. ते कोणीच वाचलं नाही. संध्याकाळी ए विंगेत पेढे वाटले. "ब्याऐंशी टक्के! डिस्टिंक्शन!"

सी विंग चवताळली, तर ए विंग अजून हावरी झाली. त्यांचं शिष्टमंडळ माझ्या दारात. "त्या पोरांचं ताट धरू नका, भाडेकरू आहेत ते. मग बघा आमचा आकडा कुठे जातो!" आवडला नाही म्हणून आकडा काढून टाकायचा नसतो, हे मी दोनदा सांगितलं. मग कंटाळून त्यांच्यादेखत काढला. सरासरी ८.२५ वर गेली, एफ १.५७ झाला (अजूनही अपुराच) आणि पी उतरला ०.२५ वर.

"पंचवीस?" शिष्टमंडळाचा प्रमुख खुर्चीवरून उठलाच. "ब्याऐंशीचे पंचवीस? नापास?"

पाच मिनिटांत ताट परत आत आलं. ढाल सध्या ए विंगच्या लिफ्टशेजारी आहे. आणि परवा त्या काकू स्वतः मुलांच्या दारात उभ्या दिसल्या. "पुढच्या वर्षीही नक्की भाग घ्या हं," त्या सांगत होत्या, "आणि पिठी त्याच दुकानातून आणा."