विमान सगळ्यात शेवटी येतं

परदेशात कुठे युद्ध पेटलं आणि सरकारनं भारतीयांना आणायला विमानं धाडली, की घरी तेच भांडण जुंपतं. स्वखुशीनं गेले होते ना, मग आमच्या करातून कशाला आणायचं, असं एक बाजू विचारते. दुसरी बाजू परतलेल्यांना विमानतळावर दिलेल्या गुलाबांचे फोटो फिरवते. दोघांचीही नजर विमानावर. आम्हा बाहेर राहणाऱ्यांच्या लेखी विमान हा त्यातला सगळ्यात सोपा भाग.

आधी पैशाचं बोलू. २०२२ मध्ये युक्रेनमधून आणलेल्यांचा विमानखर्च सरकारनं उचलला, हे खरंच आहे. पण वकिलातींकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे आणि तो अशा सुटकेसाठीही वापरता येतो. पासपोर्ट, साक्षांकन अशा कामांसाठी आम्ही वकिलातीत जे शुल्क भरतो, त्यासोबत घेतलेल्या थोड्या थोड्या रकमेतून तो उभा राहतो. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत परदेशातून घरी आलेल्या पैशातला सुमारे ३८ टक्के वाटा सहा आखाती देशांचा होता आणि तो पैसा घेणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र पहिला होता. अर्थात आमची बाजूही धुतल्या तांदळाची नाही. १९९०-९१ मध्ये देशाची परकीय गंगाजळी आटत असताना अनिवासींनी आपल्या ठेवी भराभर काढून घेतल्या होत्या.

आता वाटेचं. २ ऑगस्ट १९९० ला इराकनं कुवेत घेतलं. तिथले भारतीय बसनं बसरा, बगदाद करत वाळवंट ओलांडून जॉर्डनमधल्या अम्मानला पोहोचले. एअर इंडियानं ५९ दिवसांत ४८८ फेऱ्या करून लाखाहून अधिक लोकांना आणलं ते तिथून. कुवेत-अम्मान हा पल्ला मोकळा व्हायला बगदादची संमती लागली. परराष्ट्रमंत्री इंदरकुमार गुजराल यांची सद्दाम हुसेनशी झालेली गळाभेट टिंगलीचा विषय झाली, पण ती संमती त्या भेटीतूनच मिळत होती. २०२२ मध्येही युक्रेनचं आकाश पहिल्याच दिवशी बंद झालं आणि विमानं उभी राहिली पोलंड, रोमानिया, हंगेरी, स्लोवाकियात. सुमी शहरातल्या विद्यार्थ्यांना ८ मार्चपर्यंत बाहेरच पडता येत नव्हतं. जून २०२५ मध्ये इराणच्या उर्मियातले विद्यार्थी रस्त्यानं आर्मेनियात गेले आणि मग विमानात बसले.

म्हणून खरी अडचण सीमेपर्यंत पोहोचण्याची, आणि त्याहून कागदांची. कायदा काहीही म्हणो, आखातात कामगाराचा पासपोर्ट बऱ्याचदा मालकाच्या कपाटात असतो. मालक पळाला की कपाट बंद. वकिलात एकेरी प्रवासाचं तातडीचं प्रमाणपत्र देते, पण त्यावर व्हिसा नसतो, त्यामुळे त्या देशाच्या इमिग्रेशनकडून बाहेर पडण्याची वेगळी मंजुरी घ्यावी लागते. कुवेतनं तर १ जुलै २०२५ पासून खासगी क्षेत्रातल्या परदेशी कामगारांना देश सोडण्याआधी मालकाची परवानगी सक्तीची केली आहे. शांततेत ही दोन मिनिटांची ऑनलाइन औपचारिकता असेल. मालकाचा फोन लागत नसेल तेव्हा काय, हा प्रश्न दिल्लीनं आत्ताच विचारून ठेवायला हवा.

दुसरी गोची आपण स्वतःच करतो. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर इसीआरचा, म्हणजे परदेशी कामाआधी सरकारी तपासणी हवी असं सांगणारा, शिक्का असतो. अशा माणसाला १८ देशांत कामाला जायचं तर ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर मंजुरी आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा लागतो. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, संरक्षण १० लाखांचं. एजंट हे सगळं टाळून माणसाला व्हिजिट व्हिसावर पाठवतो आणि तिथे गेल्यावर कामाला लावतो. मग हा माणूस ना मंजुरीच्या नोंदीत, ना विम्यात. वकिलात याद्या करायला बसते तेव्हा तो त्यांच्या लेखी तिथे नसतोच. प्रवास विम्यावर भिस्त ठेवणाऱ्यांनी अटी वाचाव्यात. युद्ध बहुतेकदा वगळलेलं असतं.

घरच्या वादाचा एक थेट त्रासही आहे. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्ष चालू असताना वाहिन्यांनी शहरं पडल्याच्या बातम्या दिल्या, त्या खोट्या निघाल्या. गावाकडे त्या पुढे ढकलणाऱ्याचं काही बिघडत नाही. अमिरातीत मात्र २०२१ च्या सायबर कायद्यानुसार संकटकाळात अफवा पसरवल्याबद्दल किमान दोन वर्षं कैद आणि दोन लाख दिरहॅम दंड होऊ शकतो. शेजारच्या खाटेवर पाकिस्तानी सहकारी असतो, ते वेगळंच. तेव्हा घरच्यांनी असले व्हिडिओ पाठवू नयेत. त्याऐवजी पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान, इकामा किंवा सिव्हिल आयडी (तिथलं निवासाचं ओळखपत्र), कामाचा करार आणि राहण्याच्या जागेची जवळच्या खुणेसकट नोंद, एवढं घरी कागदावर ठेवावं. नेट बंद पडलं की वकिलातीच्या यादीत नाव घालायला हाच कागद घेऊन फोन करणारं माणूस घरचंच असतं.